जपानचा पीस

बदलापूरच्या कात्रपमधल्या फोटोग्राफर उन्मेष दळवीला फोटो काढता येतात का, असं विचाराल तर कुणीही सांगेल, एकदम बेस्ट. त्याच्याबरोबर बाजारात जाल का, असं विचाराल तर तीच माणसं हात जोडतील. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की ती जगाच्या पाठीवर सगळ्यात स्वस्त कुठे मिळते, हे शोधल्याशिवाय या माणसाच्या घशाखाली घास उतरत नसे. एका दिवाळीला त्याच्या बायकोला, हिमानीला, मिक्सर हवा होता. पठ्ठ्यानं बदलापूर, कल्याण, दादर सगळं पालथं घातलं आणि मिक्सर आणला संक्रांतीला. तोवर त्या माउलीनं शेजारणीच्या मिक्सरवर फराळ उरकून टाकला होता.

ही खोड मिक्सरपाशी थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण लग्नसराई तोंडावर आली, जुन्या कॅमेऱ्यानं मान टाकली, आणि उन्मेष उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, हरेशच्या दुकानात जाऊन बसला.

हरेश सिंधी, जन्म इथलाच. वाक्य मराठीत सुरू करील आणि हिंदीत संपवील, त्याचा काही नेम नाही. त्यानं कॅमेरा काढून काचेवर ठेवला, भाव सांगितला. उन्मेषनं लगेच खिशातून फोन काढला.

"हा बघ दुबईचा भाव. हा हाँगकाँगचा. आणि हा जपानचा. तेच मशीन, तीच लेन्स, आणि तुझ्याकडे सत्तर हजार जास्त? लुटतोस काय रे?"

"भाव मशीनचा नसतो भाऊ, मुलखाचा असतो," हरेश म्हणाला. "ड्यूटी आली, टॅक्स आला, कंपनीची गॅरंटी आली. आणि मी आलो. मैं भी तो थोडा खाऊंगा ना! दुबईचा पाहिजे तर मी पण देतो, फक्त बिल नाही मागायचं. पर जपान का पीस मत ले. तो त्यांच्या घरचा माल. अंदर पूरा मेनू जपानी. हिंदी सोड, इंग्लिशसुद्धा नाही. म्हणून तर स्वस्त देतात."

"मेनू वाचून फोटो काढतात का?"

"तुझी मर्जी. महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार."

उन्मेष हसला आणि उठला. दुकानदार आपलंच घोडं दामटणार, त्यात नवल काय! बिनबिलाचा माल विकणाऱ्यानं आपल्याला शहाणपण शिकवावं, याची त्याला गंमतही वाटली.

योग असा की हिमानीचा भाऊ सुयोग त्याच महिन्यात जपानला होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो ऑफिसर, कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलेला. त्यानं तिथल्या दुकानातून व्हिडिओ कॉल लावला.

"भावोजी, हा माणूस सारखा बजावतोय, यात फक्त जपानी भाषा आहे म्हणून. घेऊ का?"

"घे रे बिनधास्त! आकडे जगभर सारखेच. बाकी चार अक्षरं पाठ करायला काय लागतं? आमची आजी अक्षरओळख नसताना अख्खी पोथी म्हणायची."

कॅमेरा आला. हिमानीनं नारळ वाढवला, उन्मेषनं हार घातला, आणि नंतरचा आठवडाभर तो फोनमधला ट्रान्सलेटर एका हातात आणि कॅमेरा दुसऱ्या हातात धरून बसला. तिसरं पान, खालून दुसरी ओळ म्हणजे आवाज. पाचवं पान, अगदी वरची ओळ म्हणजे रंग. असं सगळं त्यानं घोकून टाकलं. कॅमेऱ्यानं काही विचारलं की पडद्यावर दोन चौकटी येत, वरची होची आणि खालची नाहीची.

"जपानीत हो म्हणायचं तर हाय म्हणतात," सुयोगनं शिकवलं.

"हाय? हे तर आपल्या सोनिवलीचेच निघाले की!" उन्मेष खो-खो हसला. बदलापूरजवळच्या सोनिवली गावातले आगरी 'आहे'ला हायच म्हणतात.

एक प्रश्न मात्र कॅमेरा वरचेवर विचारायचा. आतलं मेमरी कार्ड काढून दुसरीकडे लावलं आणि परत आत घातलं की पडद्यावर दोन ओळी उमटत. ट्रान्सलेटरनं पहिल्यांदा अर्थ सांगितला होता: कार्डावरची यादी बिघडली आहे, दुरुस्त करू का? उन्मेषनं हाय दाबलं, काम झालं. तेव्हापासून कार्ड घातलं आणि ओळी आल्या की बोट आपोआप वरच्या चौकटीवर जाई. ओळी त्याच आहेत की दुसऱ्या, हे कोण बघणार? बघूनही काय कळणार होतं?

वाचलेल्या सत्तर हजारांची गोष्ट त्यानं चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे सांगितली. ऐकणारे कंटाळले, पण तो नाही कंटाळला.

अशात सोनिवलीहून जनू आला. जनूच्या शेतात आता बारा मजल्यांच्या बिल्डिंगी उभ्या आहेत, त्यामुळे मुलीच्या लग्नाला पैशाची ददात नव्हती. पण तो लग्नाच्या अल्बमसाठी आलाच नव्हता. तो आला होता चुलतीसाठी, आणि चुलतीची नात जिज्ञासा त्याच्याबरोबर होती.

चुलती म्हणजे विठाबाई, सोनिवलीची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई ती धवलारीण. हळद दळताना, तेल चढवताना, मांडवात देव मांडताना तिचा धवला व्हायलाच हवा. त्याशिवाय जुनी माणसं लग्न लागलं असं मानत नाहीत. भटजी पुष्कळ मिळतात, धवलारीण आता औषधालाही सापडत नाही. सोनिवलीत उरली होती ती एकटी विठाबाई, आणि तिच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशन करायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

"तिच्यासाठीच आम्ही लग्नाची तारीख अलीकडं ओढली," जनू म्हणाला. "तिचा शेवटचा धवला व्हऊं दे आमच्या दारात."

जिज्ञासा बालवाडीत शिकवायची, चोविशीतली पोर. तिला धवले शिकायचे होते. पण आजीचा हट्ट असा की मांडव नसेल तर धवला म्हणायचा नाही. लग्न नसताना घरात धवला म्हटला तर देव येतात आणि उपाशी परत जातात, असं ती म्हणायची. त्यामुळे शिकवणी अशी कधी झालीच नाही. लग्नात गर्दीतल्या बाया फक्त शेवटची ओळ उचलतात; मधलं सगळं, चाल कुठे वळते, कुणाचं नाव कुठे घ्यायचं, ते एकट्या विठाबाईच्या पोटात.

"दादा, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिजे," जिज्ञासा म्हणाली. "एक शब्द सुटायला नको. मी ऐकून ऐकून शिकेन. नाहीतर ते तिच्याबरोबरच जाईल."

"अगं, मी आहे ना!" उन्मेष म्हणाला. "नवा कॅमेरा आहे. थेट जपानचा."

हळदीच्या दिवशी विठाबाई मांडवात आली ती दोघींच्या आधारानं. अंगावर हिरवं लुगडं, गळ्याभोवती पांढरा पंचा. बायांनी आपापले मोबाइल वर धरले तशी ती पाटावर बसायची थांबली.

"ते सगलं खाली ठेवा. शंभर डोलं मना नको. यो एक डोला ठेवा," आणि तिनं उन्मेषच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "जिगीसाठी." नातीला ती जिगीच म्हणायची.

मोबाइल पर्सेसमध्ये गेले. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

मग ती गायली. सुरुवातीला आवाज चिरका निघाला, दोन वेळा तिनं पाणी घेतलं. उन्मेषला वाटलं, कसली गातेय ही! आणि तेवढ्यात आवाज खाली उतरला, जड झाला आणि मांडवभर पसरला. तिनं गावदेवीला बोलावलं, समुद्राला बोलावलं, मिठागरात राबून गेलेल्या सासऱ्यांना नावानिशी बोलावलं, नवरीच्या मेलेल्या आजीला बोलावलं. ये गं बाई, तुझ्या नातीला हळद लागतेय, ये. जनू खांबाला टेकून ढसाढसा रडत होता. उन्मेषचा हात हलला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानं सगळं घेतलं, कानाला हेडफोन लावून, एकेक श्वास ऐकत. काम त्यानं चोख केलं होतं, हे कुणीही नाकारू नये.

गाणं संपलं. विठाबाईला आत नेऊन निजवलं. आणि जनूला उत्साहाचं भरतं आलं.

"उन्मेष, लाव रं टीव्हीवर! पाव्हण्यांना कलूं दे, धवला काय असतो तो!"

टीव्ही भिंतीएवढा होता, नवाकोरा. उन्मेषनं कार्ड काढून त्याला लावलं. पाहुण्यांनी थोडंसं पाहिलं, वा वा म्हटलं, तेवढ्यात मटणाच्या पंगतीची हाक आली आणि कुणीतरी टीव्हीचं बटणच बंद केलं. बाहेर डीजेवाला आवाज तपासत होता. नवऱ्याकडची माणसं आली, दहा जण ओरडले, फोटोवाला कुठाय, फोटोवाला! उन्मेषनं कार्ड ओढून काढलं, पळत पळत कॅमेऱ्यात घातलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. बोट वर गेलं. हाय.

त्या ओळी दुसऱ्याच होत्या. टीव्हीतून असं ओढून काढल्यामुळे कार्ड बिघडलं होतं आणि कॅमेरा विचारत होता: हे कार्ड वाचता येत नाही, सगळं पुसून कोरं करू का?

उन्मेषनं मग त्याच कार्डावर डीजेपुढचा नाच घेतला, नवरीच्या मामांचा नाच घेतला, जनूचा नाच घेतला. कार्ड गच्च भरेपर्यंत घेतला. दुसऱ्या दिवशी लग्नाला त्यानं नवं कार्ड घातलं आणि हळदीचं कार्ड जपून, पाकिटातल्या देवाच्या फोटोमागे ठेवलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, त्यानं ते लॅपटॉपला लावलं. पहिला व्हिडिओ उघडला, डीजे. दुसरा, डीजे. तो वरपासून खालपर्यंत गेला, खालून वर आला. हिमानी भांडी आवरून आली तेव्हा तो तेच व्हिडिओ तिसऱ्यांदा उघडून बघत होता.

"काय झालं हो?"

"लोचा झाला," तो म्हणाला. "विठाबाई नाहीये यात."

हिमानीला समजायला वेळ लागला. समजलं तशी ती खुर्ची ओढून समोर बसली. "ऑपरेशन झालं तिचं?"

"नाही. पुढच्या आठवड्यात आहे."

"मग आत्ताच्या आत्ता फोन करा जिज्ञासाला. आत्ता. शिव्या देतील, देऊ देत. म्हातारी अजून बोलतेय ना? मग काय ते अजून करता येईल."

"थांब गं. हरेशकडे जाऊन येतो. पुसलेलं परत काढणारी माणसं असतात."

"ते काढा नंतर. आधी सांगा."

"सांगतो ना! दोन दिवस थांब."

का नाही सांगितलं त्यानं? भीती, दुसरं काय! सोनिवलीची लग्नं म्हणजे त्याच्या घरची चूल. जपानी अक्षर न वाचता बटण दाबलं, हे ऐकून अख्खं गाव हसलं असतं. सुयोग म्हणाला असता, मी सांगत होतो. हरेश म्हणाला असता, मैंने बोला था. आणि कार्डातून सगळं परत निघालंच, तर कुणाला कधी कळायलाही नको! आशा फार वाईट, माणसाचं तोंड बंद करते.

हरेश हसला नाही. सगळं ऐकून त्यानं कार्ड ओळखीच्या, पुसलेलं परत काढणाऱ्या एका माणसाकडे पाठवलं. "पुसल्यावर वर काही घेतलं नसतं तर निघालं असतं भाऊ," तो म्हणाला. "तू तो पूरा भर दिया. तरी बघू. चार-पाच दिवस दे."

चौथ्याच दिवशी जिज्ञासाचा फोन आला. उन्मेष स्टेशनजवळ एका साखरपुड्याचे फोटो देऊन निघत होता.

"दादा, आजीचं ऑपरेशन उद्यावर आलंय. श्वास लागत होता, डॉक्टर म्हणाले थांबायला नको. आम्ही हॉस्पिटलमध्येच आहोत."

"अरे देवा. बरी होईल गं ती."

"हो. ऐक ना, तिनंच फोन करायला लावलाय. ती विचारतेय, आवाज नीट आलाय का? काही राहिलं असेल, कुठे खोकली असेल, तर आत्ता इथे म्हणते म्हणाली. मी म्हटलं, अगं मांडव नाही, तर म्हणाली, देवांना मी वर गेल्यावर समजावीन. मोबाइलवर घेते मी. राहिलंय का काही?"

मागे विठाबाईचा आवाज येत होता. "इचार त्याला, शेवटचं कडवं आलं का," असं ती म्हणत होती. बारीक, दमलेला, पण आवाज होता.

उन्मेष रस्त्याच्या कडेला उभा होता. एक वाक्य पुरलं असतं. पण तीन दिवस गप्प राहिलेल्या माणसाला चौथ्या दिवशी बोलणं सोपं नसतं; आता सांगायचं म्हणजे तीन दिवसांचंही सांगावं लागणार. शिवाय कार्ड अजून त्या माणसाकडे होतं. निघेल, काहीतरी निघेलच.

"सगळं आलंय," तो म्हणाला. "एकदम क्लिअर. तिला म्हणावं, घशाला त्रास देऊ नको. आराम कर."

"थँक यू दादा," जिज्ञासा म्हणाली आणि रडायला लागली. "तुझे उपकार फिटायचे नाहीत."

ऑपरेशन झालं. चांगलं झालं, जनूनं फोन करून सांगितलं. हरेशच्या माणसाकडून कार्ड परत आलं ते त्यानंतर. जुन्या एका बारशाचे थोडे फोटो निघाले होते. धवल्याचं काहीही निघालं नाही.

हरेशनं त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. "जा, सांगून ये त्यांना," एवढंच म्हणाला. घरी हिमानीनं त्याच्यासमोर शर्ट आणून ठेवला आणि ती दार उघडून उभी राहिली.

हॉस्पिटल उल्हासनगरात होतं. दुपारची भेटायची वेळ होती. विठाबाई उशांना टेकून बसली होती, नाकात नळी, गळ्याच्या खाली भोक आणि त्यावर जाळीचं फडकं. उन्मेषला बघितल्याबरोबर तिचा चेहरा फुलला. तिनं आधी आपल्या कानाला हात लावला, मग त्याच्या खांद्यावरच्या बॅगेकडे बोट केलं, मग पुन्हा कानाला हात.

"ऐकव म्हणतेय," जिज्ञासा हसून म्हणाली. "तिनं स्वतःचा आवाज जन्मात ऐकलेला नाही ना. सकाळपासून तुझी वाट बघतेय. आणलंयस ना?"

उन्मेषनं बॅग खाली ठेवली. बसायला स्टूल होतं, पण तो बसला नाही.

"आजी, नाहीये ते," तो म्हणाला. "माझ्या हातून पुसलं गेलं. हळदीच्याच दिवशी. त्याच्यावर मी डीजे घेतला. परत काढायचे सगळे प्रयत्न केले, नाही निघालं. मी चुकलो, आजी."

विठाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. जिज्ञासाचं हसू अजून तसंच होतं, ते हळूहळू गेलं.

"तुला कधी कळलं?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"ती तयार होती, दादा." जिज्ञासाचा आवाज चढला नाही, उलट बसला. "उशी मागे घेऊन, पाणी पिऊन तयार बसली होती. मी मोबाइल हातात धरला होता. तू म्हणालास क्लिअर आहे, म्हणून मी तिला म्हटलं, झोप आता. मी झोपवली तिला."

उन्मेषनं हात जोडले, पण ते कुणी पाहिले नाहीत.

विठाबाईनं नातीच्या दंडाला धरून तिला खाली, खाटेवर बसवलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग जिज्ञासाच्या ओठांवर ठेवलं. तू म्हण.

"मला येत नाही गं आजी. पहिल्या दोन ओळी फक्त."

पुन्हा तेच बोट, ओठांवर. जिज्ञासानं डोळे पुसले आणि पहिली ओळ म्हटली. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. विठाबाईनं मान हलवली, नाही. जिज्ञासानं परत म्हटली, चाल जरा खाली उतरवून. नाही. कुठे चुकतंय, असं तिनं विचारलं. विठाबाईचं तोंड उघडलं, ओठ हलले, गळ्याच्या फडक्यातून नुसता वारा आला. तिनं हातानं हवेत एक वळण काढून दाखवलं, वर, मग खाली, मग पुन्हा वर. जिज्ञासानं त्या वळणावर म्हणून पाहिलं. नाही. तसंही नाही. म्हातारीच्या कपाळावर शिरा उठल्या. तिनं वळण पुन्हा काढलं, जोरात, रागानं, आणि नातीनं पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा नाही.

मग जिज्ञासानं आणखी एकदा ती ओळ म्हटली आणि या वेळी विठाबाईनं मान हलवली नाही. ओळ बरोबर आली होती म्हणून नव्हे. तिनं नातीच्या गालावरून हात फिरवला, उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.